नाव नोंदवा, निश्चिंत व्हा

शिक्षणाच्या जितक्या म्हणून पायऱ्या आहेत, त्यांत नावनोंदणीसारखी सुखाची पायरी दुसरी नाही. पुढच्या प्रत्येक पायरीवर घाम फुटतो, डुलक्या येतात आणि आपल्याला काय काय येत नाही ते एकेक करून कळत जातं. नोंदणीत यातलं काही नाही. रात्रीचं जेवण झालेलं असावं, पंखा मधल्या आकड्यावर असावा, अंथरुणावर आडवं पडून मोबाइलवरच्या ‘एनरोल फॉर फ्री’ या बटणावर अंगठा टेकवावा. लगेच आपल्या नावानिशी अभिनंदनाची मेल येते. खाली प्रिन्स्टन, येल, आयआयटी मद्रास असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्या घटकेला आपल्यात आणि त्या विद्यापीठात तसूभरही अंतर नसतं. अंतर पडायला लागतं ते पहिला व्हिडिओ लावल्यावर. म्हणून जाणती माणसं व्हिडिओ लावतच नाहीत.

या जाणत्या माणसांची जगभर उगाच बदनामी चालली आहे. शिक्षणतज्ज्ञ त्यांची मोजदाद ‘गळती’ या मथळ्याखाली करतात, त्यांच्यावर परिसंवाद भरवतात, उपाय सुचवतात. त्यांच्या बाजूने कुणी चार ओळी लिहिल्याचं पाहण्यात नाही. त्या इथे लिहितो.

आधी आकडे, कारण आकड्यांशिवाय शिक्षणतज्ज्ञ ऐकत नाहीत. एमआयटीचे जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएंते या दोघांनी हार्वर्ड आणि एमआयटीच्या मोफत ऑनलाइन कोर्सांचा सहा वर्षांचा हिशेब मांडून तो २०१९च्या जानेवारीत ‘सायन्स’मध्ये छापला. सव्वा कोटीहून जास्त नोंदण्या, छप्पन्न लाख माणसं. नोंदणी करणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी कोर्सच्या आत एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. २०१७-१८ साली कोर्स पुरा करणारे निघाले ३.१३ टक्के. आता, झालेल्या मतदानाची बावन्न टक्के मतं मिळाली तर आपल्याकडचा कुठलाही पक्ष गुलाल उधळत रस्त्यावर येईल. इथे तेवढ्याच लोकांना ‘समस्या’ म्हणतात आणि ज्यांची अनामत रक्कम जप्त व्हायला हवी, त्या तीन टक्क्यांच्या गळ्यात हार घालतात.

आपल्या वारकऱ्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे. पंढरपुरात ज्याला तासन् तास रांगेत उभं राहणं झेपतं, तो पायावर डोकं ठेवतो. ज्याला झेपत नाही, तो मुखदर्शन घेतो. आणि ज्याला तेवढीही सवड नाही, तो रस्त्यावरूनच कळसाला हात जोडतो आणि गावाकडे निघतो. तिघांचीही वारी पोचते. कळसाला हात जोडणाऱ्याला बडव्यांनी कधी ‘गळती’ म्हटल्याचं ऐकिवात नाही.

नुसती नावं नोंदवणाऱ्यांच्या संप्रदायाची सुरुवात मात्र पंढरपुरात न होता कॅलिफोर्नियात झाली. २०११ साली स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रून आणि पीटर नॉर्व्हिग या दोघांनी आपला कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट खुला केला. एकशे नव्वदहून जास्त देशांतल्या सुमारे एक लाख साठ हजार लोकांनी नावं घातली. पुरा केला तो तेवीस हजारांच्या आसपास लोकांनी. म्हणजे पहिल्याच खेपेला सव्वा लाखाहून जास्त माणसांनी कळसाला हात जोडले, आणि तेही कुणी शिकवलेलं नसताना. स्टॅनफर्डच्या खुद्द वर्गातही सत्पात्र विद्यार्थी होतेच. भरभक्कम फी भरून दोनशे जणांनी तो विषय घेतला होता. काही आठवड्यांत वर्गात तीसेक उरले. बाकीच्यांनी वसतिगृहातूनच व्हिडिओ बघणं पसंत केलं. परीक्षेत वरच्या चारशे जणांत स्टॅनफर्डचा एकही विद्यार्थी नव्हता, हे पुढे थ्रून यांनीच सांगितलं. ज्या वर्गात मुलं येत नाहीत आणि आलेली वर येत नाहीत, तोच वर्ग साऱ्या जगाला द्यावा असं त्यांना वाटलं. ही दानत आपल्याकडच्या प्राध्यापकांतही आहे, फक्त त्यांना भांडवल मिळत नाही.

थ्रून यांना ते मिळालं. त्यांनी युडॅसिटी काढली. त्याच विद्यापीठातले अँड्र्यू एंग आणि डॅफ्नी कोलर यांनी कोर्सेरा काढली. एमआयटी आणि हार्वर्डने तीन-तीन कोटी डॉलर घालून एडेक्स काढलं. हे सगळं २०१२मध्ये. पन्नास वर्षांनी जगात उच्च शिक्षण देणाऱ्या फक्त दहा संस्था उरतील, असं भविष्यही थ्रून यांनी त्याच वर्षी वर्तवलं. भविष्य खरं ठरायला अजून बराच अवकाश आहे. मधल्या काळात सगळ्या पृथ्वीच्या वाट्याच्या दहाहून जास्त विद्यापीठं एकट्या पुण्यात आणि आसपास उभी आहेत. ती कुणी मिटवायची, हा तपशील संबंधितांनी आपसात ठरवावा.

भविष्यवेत्त्यांची ही परंपरा जुनी आहे. शाळेतली पुस्तकं लवकरच इतिहासजमा होतील, सगळं चलच्चित्रांतून शिकवता येईल, असं एडिसनने १९१३मध्ये सांगितलं होतं. आपल्याकडे १९७५-७६ साली अमेरिकेकडून उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत टीव्हीवरून शिक्षण पोचवण्यात आलं. मग १९८४पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर दुपारी लागायला लागला. त्या काळी बहुतेक घरांत चॅनल एकच होतं. धुणंभांडी उरकून बसलेल्या बाया, दुसऱ्या पाळीचे कामगार आणि तापाने शाळा बुडवलेली पोरं यांनी ज्वालामुखी, रेशमाचे किडे आणि बारोक वास्तुकला यांवरचे इंग्रजी कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिले. गळती शून्य. रिमोट आला आणि तो सुवर्णकाळ संपला.

पण या चळवळीचा कळसाध्याय मी २०१३च्या फेब्रुवारीला म्हणेन. जानेवारी सरता सरता कोर्सेरावर जॉर्जिया टेक या नामांकित संस्थेचा एक कोर्स सुरू झाला होता. विषय होता ऑनलाइन शिक्षणाची मूलतत्त्वं: नियोजन आणि अंमलबजावणी. ऑनलाइन कोर्स कसा आखावा, कसा चालवावा, हे त्यात शिकवायचं होतं. चाळीस हजारांहून जास्त जणांनी नोंदणी केली आणि त्यांत शिक्षकच भरपूर. पहिलं काम गट पाडण्याचं. त्यासाठी गूगलचा एक सामायिक तक्ता ठेवला आणि ‘ज्याने त्याने आपापलं नाव लिहा’ असं सांगितलं. चाळीस हजार माणसं एका तक्त्यावर नाव लिहायला धावली तर काय होतं, हे शिर्डीच्या रांगेतला स्वयंसेवकही सांगू शकला असता. तक्ता कोसळला. गट पडेनात. सूचनांवर सूचना निघाल्या. आठवड्याच्या आत कोर्स स्थगित झाला.

अडाणी लोक याला फजिती म्हणाले. माझ्या मते जगातल्या कुठल्याही कोर्सने आपला विषय इतक्या थोड्या वेळात, इतक्या लोकांना, इतक्या प्रात्यक्षिकासह शिकवलेला नाही. नियोजन म्हणजे काय, हे त्या चाळीस हजारांपैकी एकही जण जन्मात विसरणार नाही. गृहपाठ नाही, परीक्षा नाही आणि शंभर टक्के विद्यार्थी एकाच वेळी मोकळे.

त्याच फेब्रुवारीत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या एका निवृत्त प्राध्यापकांचं कोर्स कसा चालवावा यावरून बिनसलं आणि अर्थशास्त्राचा आपला कोर्स ते मध्यावर सोडून गेले. विद्यार्थी राहिले, गुरुजी गळाले. पुढच्या वर्षी झुरिक विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी याच्याही वरताण केली. मोठ्या संख्येला ऑनलाइन शिकवण्यासाठी लागणारी नवी कौशल्यं हा त्यांच्या कोर्सचा विषय. कोर्स चालू असताना त्यांनी स्वतःच सगळे व्हिडिओ आणि टिपणं पुसून टाकली. विद्यार्थी कित्येक दिवस आपसात खल करत बसले: काही बिघाड झाला आहे, की हाच आजचा धडा आहे? रिकाम्या पानावर हजारो माणसांना इतकी गंभीर चर्चा करायला लावणारा शिक्षक आमच्या पाहण्यात नाही. आमच्या वेळचे सर व्हिडिओ नसतानाही हे करत, पण पटसंख्या साठाच्या वर नसे.

गुरू असे, तर शिष्यांचं कौतुक किती सांगावं! आपल्याकडे २००३मध्ये आयआयटी आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेने मिळून एनपीटेल सुरू केलं आणि २०१७मध्ये केंद्र सरकारचं स्वयम आलं. व्याख्यानं खरोखर चांगली आहेत. हा दोष मान्य करून पुढे जाऊ. कोर्सला बसणं फुकट. सर्टिफिकेट हवं तर फी भरून केंद्रावर परीक्षा द्यायची. पंचाहत्तर गुण परीक्षेचे, पंचवीस दर आठवड्याच्या असाइनमेंटचे. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये बारापैकी उत्तम आठच धरतात, त्यामुळे चार आठवडे आजारी पडण्याची सोय शासनानेच केलेली आहे. साठाच्या वर ‘एलीट’, पंचाहत्तरच्या वर त्याला चांदी, नव्वदच्या वर सोनं. पदवीच्या श्रेयांकांपैकी आधी वीस टक्के आणि २०२१पासून चाळीस टक्क्यांपर्यंत या मार्गाने मिळवता येतात. शिक्षण असं सुबक बांधलं की मुलं त्यात लक्ष घालतातच.

कुठल्याही इंजिनीअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलवर बुधवारी रात्री दहानंतर जावं. असाइनमेंटची मुदत बहुधा त्याच रात्री बारा वाजायला एक मिनिट कमी असताना संपते. कॉटवर चौघं, लॅपटॉप एक, मोबाइल पाच.

“भावा, सातव्या वीकचं आलं का?”

“थांब की. आपला ग्रुप साडेदहाला टाकतो.”

“पाचव्याचं काय? बी का सी?”

“दोन चॅनलवर बी आहे, एका यूट्यूबवाल्याचं सी.”

“मग बी मार.”

“अरे पण व्हिडिओत बघायचं का एकदा?”

या वाक्यानंतर खोलीत जी शांतता पसरते, ती ऐकण्यासारखी असते. तेवढ्यात कुणीतरी “बी मारलं मी” असं म्हणतो आणि काम पुढे सरकतं. दोन विरुद्ध एक मताने सत्य ठरवणारी ही पद्धत ग्रीकांनाही सुचली नव्हती. आणि मुलं काही शिकत नाहीत असं कोण म्हणतं? कुठल्या चॅनलवर विश्वास ठेवावा, उत्तरं कितीला येतात, कुणाचं उत्तर गेल्या आठवड्यात चुकलं, मुदतवाढ मिळण्याची शक्यता किती, हे सगळं त्यांना मुखोद्गत असतं. संशोधनपद्धती याहून वेगळी नसते. तीन महिन्यांनी मात्र संगणकासमोर एकट्याला बसवतात, मोबाइल बाहेर ठेवायला लावतात आणि परीक्षेत पंचाहत्तरपैकी किमान तीस मिळवायला सांगतात. सामूहिक विद्येची वैयक्तिक परीक्षा घेण्याचा हा अन्याय ब्रिटिशांनी सुरू केला. तो अजून चालू आहे.

प्राध्यापकवर्गाने हा अन्याय २०२०च्या टाळेबंदीत दूर केला. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जितके ‘एकदिवसीय राष्ट्रीय वेबिनार’ झाले, तितके राष्ट्रात दिवसही नसतील. ज्या महाविद्यालयाला दहा वर्षांत तालुक्याबाहेरचा वक्ता बोलावता आला नव्हता, त्याने आंतरराष्ट्रीय वेबिनार घेतले. प्राचार्यांचा भाचा दुबईत असला की काम भागत असे. नोंदणी फुकट, ई-सर्टिफिकेट फुकट. पाहुणे ‘उच्च शिक्षणापुढील संधी आणि आव्हाने’ यावर बोलत असत आणि बाजूच्या चॅटमध्ये खरा परिसंवाद रंगत असे. “नमस्कार, जळगाव.” “आवाज येत नाही.” “आता येतोय.” “लिंक प्लीज.” “सर, फीडबॅक लिंक कधी?” “मॅडम, काल नाव कुलकर्नी आलंय, न ऐवजी ण करावा.” शेवटच्या दहा मिनिटांत लिंक पडायची वेळ आली की पन्नासची उपस्थिती चारशेवर जाई आणि लिंक पडताच आभारप्रदर्शन करणारा एकटा उरे. त्याला मात्र पूर्ण वेळ बसावं लागे, कारण यजमान तोच.

प्रश्नमंजुषांचं पर्वही त्याच वेळचं. फॉर्मवर पहिला प्रश्न: ‘सर्टिफिकेटवर नाव कसे हवे?’ मग दहा सोपे प्रश्न. चाळीस टक्क्यांना पास, आणि कमी पडले तर पुन्हा फॉर्म भरायची मुभा. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त बँक अधिकारी सकाळच्या चहानंतर बसत ते दुपारपर्यंत तीन विषयांत प्रावीण्य मिळवून उठत. करोना जनजागृती, ग्रंथपालनातले नवे प्रवाह, मत्स्यव्यवसायातली आव्हानं. एकदा जिन्यात विचारलं, “काका, मत्स्यव्यवसाय कशासाठी?” काका शुद्ध शाकाहारी. म्हणाले, “अहो, तो आजच्या दिवसच खुला होता.” ज्ञानाची निखळ आस म्हणतात ती अशी. उपयोगाचा विचार मनात आला की ती गढूळ होते.

आता मूठभर लोक या सगळ्यात विघ्न आणतात, त्यांच्याविषयी. एमआयटीने २०१२मध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किटांचा आपला पहिला मोफत कोर्स काढला. दीड लाखावर नोंदण्या झाल्या, सात हजारांना सर्टिफिकेट मिळालं. त्यांत मंगोलियाच्या राजधानीतला एक पंधरा वर्षांचा मुलगा पैकीच्या पैकी गुण मिळवून बसला आणि पुढे एमआयटीत दाखल झाला. तेव्हापासून प्रत्येक भाषणात त्याचं उदाहरण येतं. फक्त एक बारीकशी गोष्ट भाषणात राहून जाते. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीचे पदवीधर होते, त्यांनीच मुलांना या कोर्सला बसवलं. शिवाय स्टॅनफर्डचा एक संशोधक विद्यार्थी उपकरणांच्या पेट्या घेऊन उलानबातरला गेला, मुलांबरोबर बसला आणि त्यांच्याकडून सर्किटं हातांनी जोडून घेतली. म्हणजे व्हिडिओच्या शेजारी एक जिवंत माणूस बसवला होता! असं केल्यावर मुलं शिकणारच. त्यात ऑनलाइनचं कौतुक ते काय? खेळ खेळायचा तर नियमाने खेळावा.

दुसरं विघ्न म्हणजे गरजू विद्यार्थी. तालुक्याच्या गावात एखादी मुलगी निघतेच. दिवसाचा दीड जीबीचा डेटा, त्यातला भावाने दुपारीच क्रिकेटवर उडवलेला. रात्री बाराला नवा डेटा चालू होण्याची वाट बघत ती जागी राहते. व्याख्यान इंग्रजीत, म्हणून तेच तीन मिनिटं पुन्हा पुन्हा लावते. वहीत उतरवून घेते. एनपीटेलच्या काही व्याख्यानांना मराठी भाषांतर आहे, ते शोधून काढते. अडलं तर चर्चेच्या पानावर प्रश्न टाकते. चार दिवसांनी तिच्यासारखाच अडलेला कुणीतरी ‘मलाही हेच अडलंय’ असं उत्तर देतो. अशा मुलीमुळे आपण सगळे अडचणीत येतो. तिच्यासाठी कुणीतरी माणूस नेमावा लागेल, त्याला पगार द्यावा लागेल, आणि मग ‘फुकट’ या मूळ तत्त्वालाच बाधा येते.

सुदैवाने ती अपवाद आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कोर्सेरावरच्या आपल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २०१३मध्ये ‘नेचर’मध्ये आले. पाचांतले चार जण आधीच पदवीधर होते. भारत, चीन, ब्राझील, रशिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांतले जवळपास ऐंशी टक्के विद्यार्थी त्या त्या देशांतल्या सर्वांत सधन आणि सुशिक्षित सहा टक्क्यांतले. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असं आहे. १९८९पासून ते बिचारे अभ्यासकेंद्रं, छापील पुस्तकं आणि मराठी यांच्या नादी लागून घरोघर हिंडताहेत. कोर्सेराने कुठे आणि कशाला असा घोळ न घालता ती गंगा थेट गच्चीवरच्या टाक्यांत सोडली. पाणी वाया गेलं नाही.

उलट दिशेचा प्रयोगही करून झाला आहे. २०१३मध्ये सॅन होजे राज्य विद्यापीठाने युडॅसिटीबरोबर गणित आणि संख्याशास्त्राचे कोर्स चालवले, ते कच्च्या विद्यार्थ्यांसाठी. शुल्क नाममात्र, मदतनीस हाताशी. पहिल्याच सत्रात गणितात निम्म्याहून जास्त नापास झाले. काही शाळकरी मुलांकडे संगणकच धड नव्हता, हे मागाहून लक्षात आलं. जुलैत प्रयोग थांबला. वर्ष संपायच्या आत थ्रून यांनी जाहीर मुलाखतीत आपला माल चांगला नसल्याचं सांगून टाकलं आणि मोर्चा नोकरदारांच्या सशुल्क प्रशिक्षणाकडे वळवला. दहा विद्यापीठांच्या भविष्याला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती.

सशुल्क म्हटलं की एक किटाळ उभं राहतं, ते निस्तरायला हवं. राइश आणि रुइपेरेझ-व्हॅलिएंते यांच्याच आकड्यांत, पैसे भरून प्रमाणित सर्टिफिकेटाची वाट धरणाऱ्यांपैकी ४६ टक्के कोर्स पुरा करतात. यावरून काही कोते लोक म्हणतात, खिशाला चाट बसली की माणूस अभ्यास करतो. हे खरं असेल तर फारच क्षुद्र आहे. आणि सगळीकडे खरंही नाही. अमेरिकेत टपालाने लेखन शिकवणारी एक नामवंत शाळा होती. नावाजलेले लेखक जातीने लक्ष घालतील अशी जाहिरात, फी सज्जड. जेसिका मिटफर्ड या पत्रकार बाईंनी १९७०मध्ये तिचं बिंग फोडलं: बहुतेक विद्यार्थी अर्ध्यात सोडत आणि त्यांनी भरलेल्या फीवरच शाळेचा नफा उभा होता. तेव्हा अर्धवट सोडायला पैसे पडत. आज हीच सोय गोरगरिबांनाही परवडते. लोकशाहीकरण होतं ते असं, आणि ते झालं नाही असं म्हणणाऱ्यांनी मोबाइलवरची आपली ‘माय कोर्सेस’ची यादी एकदा खालपर्यंत सरकवून पाहावी.

तिथे वरच्या बाजूला ‘लर्निंग हाउ टू लर्न’ बहुधा सापडेल. बार्बरा ओकली आणि टेरेन्स सेइनोव्स्की यांचा हा २०१४चा कोर्स, जगातल्या सर्वांत गाजलेल्या ऑनलाइन कोर्सांपैकी एक. लाखो लोकांनी त्यात नाव घातलं आहे. शिकायचं कसं, ते आधी शिकून घ्यावं आणि मग इतर शिक्षणाला हात घालावा, असा विचार करणारी माणसं पद्धतशीर असतात. त्यात कामं टाळण्याच्या सवयीवरही एक भाग आहे. तो बघायचा राहिला आहे, असं सांगणारे मला पुष्कळ भेटले.

या सर्वांवर एक भाबडा आक्षेप असा घेतात की आज ना उद्या बघू म्हणून ठेवलेलं उद्याला राहत नाही. नाहीच राहत. कोर्सेराने २०१६च्या जूनअखेरीस आपली जुनी यंत्रणा बंद केली, तेव्हा तिच्यावरचे शेकडो कोर्स एका रात्रीत दिसेनासे झाले. ज्यांनी निम्मे केले होते त्यांची चिडचिड झाली, वह्या अर्ध्या राहिल्या. ज्यांनी मुळात उघडलेच नव्हते, त्यांना पत्ताही लागला नाही.

आणि शिष्यांनीच सोडलं असं तरी कुठे आहे? एमआयटी आणि हार्वर्डने साठ-सत्तर नाही, हजारो कोर्सांसकट एडेक्स २०२१मध्ये टू-यू नावाच्या कंपनीला विकून टाकलं. किंमत ऐंशी कोटी डॉलर. इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या फायद्यात मध्येच सोडून जाणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. २०२४मध्ये युडॅसिटी अ‍ॅक्सेंचरने घेतली. टू-यू मात्र कर्ज काढून शेवटपर्यंत चिकटून बसली. त्याच वर्षीच्या जुलैत तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. एडेक्सवरची नोंदणी त्या आठवड्यातही चालू होती, आणि पहिली पायरी अजून फुकटच आहे.